तिसऱ्या गोष्टीतलं रडणं

पडद्यावरचा जाडा शेठ भुताला घाबरून कपाटात शिरला. कपाटात आधीपासून बसलेलं दुसरं भूत त्याला अदबीनं म्हणालं, "भाईसाहब, ये कमरा बुक है," तेव्हा लॅमिंग्टन रोडवरचं ते थिएटर खदखदून हसलं आणि रोहिदासही हसला. तो हसत असतानाच, हशा ओसरू नये म्हणून कुणी नेमका धक्का द्यावा तसा, त्याच्या आईचा हंबरडा थिएटरभर पसरला. शेठ कपाटातून उलटा पडला, त्याच्या धोतराचा सोगा दारात अडकला, आणि हशा दुप्पट झाला. रोहिदासचं तोंड उघडंच राहिलं. ते मिटायला हवं हे त्याला कळत होतं, पण गालांना हसण्याचा आकार आला होता आणि तो जाईना. शेजारच्या गृहस्थानं त्याच्या गुडघ्यावर थाप मारली, ओळख नसताना, नुसत्या आनंदात. वास्तविक तो आवाज इथे नव्हता. चार महिन्यांपूर्वी रोहिदासनं स्वतःच्या हातानं तो तिसऱ्या गोष्टीच्या सुरुवातीला लावला होता, काळ्या पाण्यावर, पडद्यावर एकही माणूस नसताना. तिथे तो आला की लोक गप्प होतील, त्यांच्या अंगावर काटा येईल, असं त्यानं धरलं होतं. आईच्या रडण्याला आठशे माणसांनी श्वास रोखावा, हे काही अगदीच वाईट नाही, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली होती आणि ती समजूत त्याला चार महिने पुरली होती. पण मधे कधीतरी कुणीतरी तो तुकडा तिथून उचलून इथे आणला होता. हंबरडा पुन्हा आला, शेठ मासळीच्या पाटीत बसला. तिसऱ्यांदा येईपर्यंत लोक त्याची वाटच पाहत होते, आणि तो यायच्या जरा आधी पुढच्या रांगेतून कुणीतरी नाक दाबून ओरडलं, "पंढ्याऽ रंऽ!" त्या माणसाची वेळ अचूक होती. अशी अचूक वेळ साधणाऱ्याला स्टुडिओत सगळे मान देत, हे रोहिदासच्या मनात येऊन गेलं आणि मग त्याला बाहेर जावंसं वाटलं. पण मधल्या रांगेतून उठायचं तर बारा माणसांचे गुडघे ओलांडावे लागले असते, म्हणून तो चौथ्या गोष्टीच्या शेवटापर्यंत बसून राहिला.

'मुर्दों की पिकनिक' असं त्या चित्रपटाचं नाव. चार मेलेली माणसं एका लाँचमधून सहलीला निघतात आणि डबे सोडता सोडता आपण कसे मेलो ते एकमेकांना सांगतात. चार मरणांच्या चार गोष्टी, आणि प्रत्येकीत आधी भय, मग हशा. दिग्दर्शकानं असं एक विलायती चित्र कुठेतरी पाहिलं होतं, आणि तेव्हापासून तो स्टुडिओत ज्याला त्याला धरून आपलं तत्त्व सांगे. "पहले डराओ, फिर गुदगुल्या करो. घाबरल्याची माणसाला लाज वाटते. ती लाज तो हसून धुतो. समझा?" रोहिदासला समजत असे. तो ध्वनिमुद्रण खात्यात नामदेवरावांच्या हाताखाली सहा वर्षं होता. दार करकरणं, घोड्याच्या टापा, सुरा मांसात शिरणं (त्यासाठी कोबी लागे), असले आवाज जमवण्यात त्याचा हातखंडा होता. शिरवण्याच्या आगरी पोरानं मुंबईत येऊन गोदीत किंवा गिरणीत जावं, ही रीत. हा मात्र कानांवर पोट भरत होता, आणि गावी गेला की लोक त्याला विचारत, "म्हंजे तू तिथं करतंस तरी काय?" तो सांगे, "ऐकतो." त्यावर धाकटा भाऊ पंढरी म्हणे, "आन् आमी बांधावर काम करतो, ता कोन आयकतो?" आणि दोघंही हसत. पंढरी हसला की त्याचे खांदे हलत, आवाज येत नसे. त्या हसण्याचं ध्वनिमुद्रण करता आलं नसतं.

तिसऱ्या गोष्टीसाठी खाडीचे आवाज हवे होते. स्टुडिओतल्या हौदात पाणी खळबळवून ते जमेना, म्हणून नामदेवरावांनी बॅटरीवर चालणारं नवं यंत्र त्याच्या स्वाधीन केलं आणि म्हणाले, "तुझ्या गावी खाडी आहे ना? दोन दिवस जाऊन ये. ओहोटी आण, बेडूक आण, वारा आण." सरत्या पावसाळ्यातला शनिवार होता. ते यंत्र खांद्याला अडकवून, कानांवर ऐकायचे काळे डबे चढवून रोहिदास गावाबाहेर, खाडीचं पाणी अडवणाऱ्या खारबांधावर उभा राहिला, तेव्हा त्याला एक वेगळीच खाडी ऐकू आली. चिखलात खेकडे टकटक वाजत होते. पाणी ओसरताना बिळांतून हवेचे बुडबुडे फुटत होते. जन्मभर ज्या चिखलात तो लोळला होता त्याला एवढा बारीक आवाज आहे हे त्याला ठाऊकच नव्हतं, आणि अशा वेळी होतो तसा तो सुखी होता. त्या सुखात लांबून कुणाचं तरी ओरडणं मिसळलं. "कोन हाय का रंऽ? हात लावाऽ!" बांधाच्या पलीकडच्या उघाडीकडून येत होतं ते, शेतातलं पाणी खाडीत सोडायचं लाकडी दार, तिथून. असे लोक शेतावर दिवसभर ओरडत असतात. खेकड्यांवर तो आवाज चढत होता आणि मुद्रण खराब होत होतं, म्हणून रोहिदास चिडला. ओरडणं थांबायची वाट पाहत तो तसाच उभा राहिला. ते पुन्हा आलं. त्यानं पाठ वळवली, म्हणजे यंत्राचा लोंबता माइक दुसऱ्या दिशेला व्हावा. मग ते थांबलं. थांबल्यावर त्याला बरं वाटलं, आणि हे बरं वाटणं किती वेळ टिकलं ते त्यानं नंतर फीत लावून मोजलं होतं. दोन मिनिटं दहा सेकंद. त्यानंतर फितीवर पुष्कळ पायांचा आवाज आहे.

उघाडीचं दार अडलं होतं. पंढरी ते मोकळं करायला पाण्यात उतरला, दार एकाएकी सुटलं आणि ओढीनं त्याला फळ्यांमध्ये घेतलं. शेजारचा कान्हा एकटा त्याचा हात धरून ओरडत राहिला. आणखी एक माणूस असता तर निघाला असता का, असं कुणी कान्हाला विचारलं नाही आणि कान्हानं आपण होऊन सांगितलं नाही. रोहिदास पोचला तेव्हा पंढरीला बांधावर काढून निजवलं होतं. त्याच्या कानात चिखल गेला होता. रोहिदास ते पाहत राहिला. गावातून आई धावत आली. मागे पंढरीची बायको सगुणा, तिच्या हाताला भाताच्या पेजेचे डाग. आईनं बसकण मारली आणि हंबरडा फोडला, "पंढ्याऽ रंऽ! माज्या पंढ्याऽ!" तेव्हा कानांवरचे डबे गळ्यात आले असले तरी रोहिदासच्या खांद्यावर यंत्र चालूच होतं. आईच्या आवाजानं त्याचा काटा तांबड्या रेघेच्या पलीकडे जाऊन आपटला, आणि रोहिदासच्या अंगठ्यानं, रोहिदासला न विचारता, बटण थोडं मागे फिरवलं. आवाज फाटू नये म्हणून. सहा वर्षांची सवय. पुढे कितीतरी वेळा त्यानं स्वतःला हेच सांगितलं, सवय. पण सवय एकदाच बटण फिरवते. त्यानंतर माइक हातात घेऊन अर्धं पाऊल आईच्या जवळ सरकणं, त्याला सवय म्हणता येत नव्हतं. तो सरकला होता. सगुणानं मान वर करून त्याच्याकडे पाहिलं होतं. त्याच्या कोरड्या डोळ्यांकडे, मग हातातल्या त्या काळ्या कांडीकडे. तिला ते काय आहे हे कळलं नसावं, असं त्यानं मानलं.

दहाव्या-बाराव्याचं उरकून तो मुंबईला परतला. यंत्र परत द्यायचं होतं. आधी त्यानं एकट्यानं फीत ऐकली. कान्हाच्या हाका आणि त्यानंतरची ती दोन मिनिटं त्यानं ब्लेडनं कापली, गुंडाळी करून खिशात घातली आणि परळच्या आपल्या खोलीवर स्टोव्हवर धरली. फीत जळताना वळवळली, भयंकर वास आला. आईचं रडणंही कापायचं होतं. त्यासाठी त्यानं ब्लेड उचललंही होतं. पण ते इतकं स्वच्छ आलं होतं. मागे वारा, त्यामागे पाणी, पुढे तो आवाज, कुठे फाटलेला नाही, कुठे दबलेला नाही. असा आवाज त्याच्या हातून पूर्वी कधी आला नव्हता. उद्या कापू, असं म्हणून त्यानं डबा बंद केला, आणि दुसऱ्या दिवशी तो यायच्या आधी नामदेवरावांनी डबा उघडला होता. "रोहिदास, हे काय आणलंस रे?" ते हलक्या आवाजात म्हणाले. त्यांना भाऊ गेल्याचं माहीत होतं, कसा गेला ते माहीत नव्हतं. "कोण बाई ही?" दारात दिग्दर्शक उभा होता. हंबरड्यासाठी त्यानं तीन नट्या घालवल्या होत्या. एकीचंही रडणं त्याला पटलं नव्हतं. "इसको बुलाओ," तो म्हणाला. "नाव घालू हिचं पडद्यावर. कौन है ये?" आता आईला इथे आणतील, माइकसमोर बसवतील, पुन्हा करायला सांगतील, हे चित्र रोहिदाससमोर उभं राहिलं आणि त्यातून सुटायला त्यानं जवळची पळवाट धरली. "गावातली एक बाई होती," तो म्हणाला. "वारली." दिग्दर्शकाचा चेहरा उजळला. "मेलेल्या बाईचा खरा आवाज!" पुढे पोस्टरवर तशी ओळच आली, रक्ताच्या अक्षरांत, आणि तिच्या शेजारी पोट धरून हसणारी कवटी.

चित्र चाललं. पहिल्या आठवड्यात चाललं, चौथ्या आठवड्यात जास्तच चाललं. गंमत अशी की लोकांना चार गोष्टींतली एकही धड आठवत नव्हती, पण तो हंबरडा सगळ्यांना पाठ झाला. परळ नाक्यावर केळेवाल्याच्या हातून फणी निसटली की पोरं ओरडत, "पंढ्याऽ रंऽ!" खानावळीत आमटी संपली की पाटावरचा कुणी कारकून मान मागे टाकून तसंच रडे आणि पंगत हसे. रोहिदासचा कान इतका तयार होता की प्रत्येक नकलेत काय चुकलं ते त्याला कळे. 'पं' फार लांबवला. शेवटचा 'रं' वर गेला, तो खाली जायला हवा. आपण मनातल्या मनात दुरुस्त्या करतो आहोत हे ध्यानात आलं की तो तिथून उठून जाई. या सहा वर्षांत या शहरानं आपल्याला काय शिकवलं, असं तो स्वतःला विचारी, आणि उत्तर यायच्या आत पुढची नक्कल ऐकू येई. एका रविवारी चुलतभाऊ हिरामण खोलीवर आला. ठाणे-बेलापूर रस्त्यावर नवे कारखाने उभे राहत होते, त्यातल्या एकात तो लागला होता. आल्या आल्या त्यानं चप्पलही काढली नाही. "रोहिदास, मी ठान्याला पिच्चर बगून आलो. त्याच्यान आपली बायजाकाकी रडते. खरा बोल, तीच ना?" रोहिदास स्टोव्हला पंप मारू लागला. "आन् पोस्टरवर लिवलाय, मेलेल्या बाईचा आवाज. काकी तर जिती हाय. सकाली मना भाकर दिली तिनं." हिरामण रागावलेला नव्हता, हे जास्त वाईट होतं. तो गोंधळला होता. "लोक हसत व्हते रं," तो म्हणाला. मग उगाच, बोलायला काही उरलं नाही म्हणून, "मी पन हसलो. पैल्यांदा वलखला नाय ना."

पुढच्या शनिवारी रोहिदास शिरवण्याला गेला तो शिव्या ऐकायच्या तयारीनं. आई ओसरीवर सुकट निवडत होती. तिनं सूप बाजूला ठेवलं. "जेवलास का?" आणि मग लगेच, "मना तो सिनेमा दाव." तो म्हणाला, "आई, त्यात बघण्यासारखं काही नाही." घरात आल्यावरही त्याच्या तोंडून आता मुंबईचीच भाषा येई. "माजा पंढरी हाय ना त्याच्यान," आई म्हणाली. "सगली बोलतान, बायजा पंढरीला हाक मारते. मंग ज्याला हाक मारली तो नसल का?" सिनेमा म्हणजे काय हे तिला कळत नव्हतं असं नाही, गावच्या जत्रेत तंबूतली चित्रं तिनं पाहिली होती. पण ज्याला हाक मारली तो असलाच पाहिजे, हा तिचा हिशेब होता. आतल्या दारात सगुणा उभी होती, कपाळ मोकळं, कडेवर वर्षाचं मूल. "जाऊ द्या त्यांना, भाऊजी," ती म्हणाली. "सहा महिनं झालं, त्या घराच्या बाहेर नाय पडल्या." "तू येशील?" त्यानं विचारलं. "मी हुती ना तितं," सगुणा म्हणाली.

एस. टी.नं ते ठाण्याला गेले. आईनं ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं होतं आणि पिशवीत कशाला कोण जाणे दोन तांदळाच्या भाकऱ्या घेतल्या होत्या. थिएटराबाहेर ती पोस्टरापुढे उभी राहिली. "ही कवटी का हसते?" तिनं विचारलं. वाचता येत नव्हतं, हे त्या दिवशी रोहिदासला देवाचं देणं वाटलं. आत बसल्यावर तिनं पाय वर घेतले आणि पदर नीट केला, कीर्तनाला बसावं तशी. पहिली गोष्ट झाली, दुसरी झाली. तिसरी सुरू झाली आणि काळं पाणी आलं तशी ती पुढे वाकली. पाण्यावर कुणी नव्हतं. मग शेठ आला, बंगला आला, कपाट आलं. रोहिदासनं दोन्ही हातांनी खुर्चीच्या कडा धरल्या. हंबरडा आला. थिएटर हसलं. मागच्या बाकांवरून चार-पाच जणांनी एकदम साथ दिली. आईनं मान थोडी तिरकी केली, एक कान पडद्याकडे. दुसऱ्यांदा आला तेव्हा तिनं डोळे मिटून घेतले. पडद्याकडे ती आता पाहतच नव्हती. अवतीभवतीचे लोक ज्या आवाजाला हसत होते त्याच्या मागे वाकून, अंधाऱ्या खोलीत सांडलेलं काही हातानं चाचपावं तशी ती काहीतरी शोधत होती. तिसऱ्यांदा आवाज येऊन गेला तसे तिनं डोळे उघडले. "चल," ती म्हणाली. बारा माणसांचे गुडघे तिनं एकेक हातानं बाजूला केले.

स्टँडवरच्या बाकावर बसून तिनं पिशवीतली एक भाकर काढली, मोडली, अर्धी त्याच्या हातात दिली. "पंढरी नाय त्याच्यान," ती म्हणाली. "नाही," रोहिदास म्हणाला. "लोकांनला हसू का आला?" तो सांगू लागला की ती तशीच गोष्ट आहे, भीतीची आणि गमतीची, लोकांना तुझ्यावर नाही हसू आलं, शेठवर आलं. ती ऐकत नव्हती. "मी आयकला सगला," ती म्हणाली. "माज्या रडन्याच्या मागं सगुनाचा रडना आयकू येतो. बारीक, पन येतो. कान्हाचा येतो. तो बापय मानूस, पन कसा रडला बग. वारा पन आयकू येतो." तिनं भाकरीचा तुकडा तोंडात घातला नाही, हातातच फिरवला. "तू माज्या बाजूला उभा व्हतास. तुजा रडना नाय आयकू आला, रोहिदास." हे तिनं आरोपासारखं म्हटलं नाही. माप घेताना एखादी वस्तू कमी भरावी आणि आपणच चुकलो असू म्हणून पुन्हा पाहावं, तसं म्हटलं. तो काय सांगणार होता? की यंत्र धरणाऱ्यानं आवाज करायचा नसतो? की त्यानं श्वाससुद्धा तोंडानं घेतला होता, नाकाचा आवाज येतो म्हणून? समोर बेलापूरची गाडी लागली, कंडक्टर टपावर चढला. "कापलं त्यांनी," रोहिदास म्हणाला. "काय?" "माझं रडणं. फार होतं. तेवढा तुकडा कापावा लागला." आईचा चेहरा सैल पडला. इतकी साधी गोष्ट आपल्या लक्षात कशी आली नाही, म्हणून ती जराशी लाजलीसुद्धा. "तरीच," ती म्हणाली. "मी बोलली, असा कसा हुईल." तिनं भाकर खाल्ली. गाडीच्या पायरीवर पाय ठेवताना ती वळली. "कापलेला टाकून नाय ना दिला तुमी? तो आन मना. मी आयकीन. सगुनाला पन आयकवीन. तिच्या मनान काय हाय ता मना म्हाईत हाय."

कापलेला तुकडा होता खरा, पण त्यावर काय होतं आणि तो कशाच्या आचेवर वळवळला, हे फक्त रोहिदासला ठाऊक होतं. आठ दिवस त्यानं ढकलले. मग एका दुपारी, सगळे जेवायला गेले असताना, तो काचेच्या खोलीत माइकसमोर उभा राहिला आणि रडायचा प्रयत्न करू लागला. पंढरीचा चिखलानं भरलेला कान त्यानं डोळ्यांसमोर आणला. सगुणाचे पेजेचे हात आणले. बापाचं मरणही आणून पाहिलं, ते बारा वर्षांपूर्वीचं. घशातून जे बाहेर पडलं ते त्यानं लावून ऐकलं तेव्हा ते तिसऱ्या गोष्टीत शेठच्या तोंडी शोभेल असं त्याला वाटलं. त्यानं पुन्हा केलं. पाचव्या वेळी काचेपलीकडे नामदेवराव उभे असलेले दिसले. बोलायचं बटण दाबून ते म्हणाले, "जरा ओव्हर होतंय, रोहिदास. शेवटी श्वास तुटू दे." सवयीनं त्यानं श्वास तुटू दिला. तेव्हा दोघांनाही एकदम कसंसंच झालं आणि नामदेवराव काचेमागून निघून गेले. थोड्या वेळानं ते एक गंजका डबा घेऊन आले. वर शाईनं लिहिलं होतं: पुरुष, रडणे, ३. "कुणासाठी हवंय ते सांगू नकोस," ते म्हणाले. "हे ऐक." एक माणूस रडत होता. आधी नुसताच श्वास, मग कोंडलेलं काहीतरी, मग अगदी साधं, लहान, न थांबणारं रडणं, शब्दाशिवाय. "एक्स्ट्रा होता," नामदेवराव म्हणाले. "सात-आठ वर्षं झाली. गर्दीतला माणूस. त्याला एकदा हुंदका द्यायचा होता, तर थांबेचना. कट म्हटलं तरी थांबेना. त्याच्या घरी काही झालं होतं की काय, कुणी विचारलं नाही. नाव लिहून ठेवायला हवं होतं." रोहिदासनं गावी न्यायला यंत्र मागितलं. त्या आवाजाच्या मागे खाडीचा वारा आणि थोडं पाणी त्यानं मिसळून घेतलं. काम फार सुरेख झालं.

रविवारी दुपारी ओसरीवर यंत्र ठेवलं. आईनं शेजाऱ्यांना बोलावलं होतं. कान्हा आला होता, खांबाला टेकून उभा होता, आणि रोहिदासनं त्याच्याकडे पाहायचं टाळलं. फीत फिरू लागली. तो अनोळखी माणूस शिरवण्याच्या ओसरीवर रडू लागला. कुणी हललं नाही. आई पुढे वाकली होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं, पण चेहरा शांत होता, पोटात अन्न गेल्यावर होतो तसा. "ल्हानपनी असाच रडायचा," ती शेजारणीला म्हणाली. "आवाज नाय काडायचा. आतल्या आत." शेजारणीनं मान हलवली, म्हणाली, "भाव तो भाव." हिरामणनं रोहिदासच्या खांद्यावर हात ठेवला. फीत संपली. आईनं पुन्हा लावायला सांगितलं, आणि दुसऱ्या वेळी रडणाऱ्या माणसाबरोबर ओसरीवरची आणखी चार माणसं रडली. रोहिदासचे डोळे तेव्हाही कोरडे होते. तो फितीच्या चकत्यांकडे पाहत होता, त्या सारख्या गतीनं फिरताहेत ना म्हणून. आईनं त्या दिवशी स्वतःच्या हातानं त्याला वाढलं. खाडीतल्या निवटी मासळीचं कालवण होतं. तो पोटभर जेवला.

संध्याकाळची गाडी धरायला तो निघाला तेव्हा रस्त्यापर्यंत सगुणा आली, मूल कडेवर, दुसऱ्या हातात आईनं दिलेली सुकटीची पुरचुंडी. मिठागराच्या बाजूनं ऊन उतरत होतं. गाडीची धूळ लांबून दिसू लागली. तिनं पुरचुंडी त्याच्या हातात दिली. "भाऊजी," ती म्हणाली, "तो मानूस कोन हाय?" रोहिदासनं पुरचुंडीची गाठ पाहिली, ती पक्की होती. तरी त्यानं ती सोडून पुन्हा बांधली. "कोणता माणूस?" "जो रडला तो." ती रागावलेली नव्हती, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मूल तिच्या कानातल्या रिकाम्या भोकाशी खेळत होतं, तिनं त्याचा हात हळूच बाजूला केला. "माज्या मानसाला असा कोन बापय रडला नवता," ती म्हणाली. "कान्हा रडला, पन त्याला भ्या व्हता. ह्यो नुसताच रडला." गाडी येऊन थांबली. धूळ त्यांच्यावरून पुढे गेली. रोहिदासनं यंत्र आधी आत ठेवलं, मग पायरीवर चढला. "त्याला सांगा," सगुणा खालून म्हणाली, "पंढरीच्या बायकोनं तुमचा नाव काडलाय. येल मिलला तर एकदा घरी या म्हनावा."

"सांगतो," रोहिदास म्हणाला.